आमचे काळे

यॉर्कशरमध्ये जवळजवळ प्रत्येक गावाला एक जुनं दगडी देऊळ असतं, देवळाला गळकं छप्पर असतं, छपराखाली वीस-पंचवीस पिकल्या केसांची मंडळी असते आणि त्या मंडळीचं नशीब थोर असेल तर तिच्यात एक काळे असतात.

काळे हे त्यांचं आडनाव नव्हे. माझी आत्या नगरहून लीड्सला माझ्याकडे राहायला आली होती. पहिल्याच रविवारी देवळातून परतताना तिनं विचारलं, "प्रभुभोजनाला प्याला धरून उभे होते, ते काळे कोण रे?" मी म्हटलं, "काळे नाही गं, ते गॉथ आहेत." "असतील. पण काळे म्हणजे आपल्यातलेच की! गाव कुठलं त्यांचं?" तेव्हापासून आमच्या घरात ते काळेच. आणि हे काळे काही एकच नव्हेत. लीड्स, यॉर्क, व्हिटबी अशा वाऱ्यांमध्ये भेटलेले तीन-चार काळे मी इथे एका कोटात बसवले आहेत. कोट ऐसपैस असतो, मावतात.

कोट मखमली, गुडघ्याखाली पोचणारा. खिशाला चांदीची साखळी, साखळीला घड्याळ नाही. पायात पाट्याएवढे जड बूट, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बकलंच बकलं. नखं काळी, डोळ्यांत काजळ. तरुणपणी केस दीड वीत उभे राहत म्हणे. आता जे उरलेत ते निमूट आडवे पडतात, म्हणून उंच टोपी आली. ती मात्र देवळाच्या दारात काढतात. आईचं वळण. आत्याचा काजळाला काही आक्षेप नव्हता, गालाला तीट लावायची तेवढी राहिली असं तिचं मत. काळ्या कपड्यांबद्दल मात्र ती घुटमळली. आपल्याकडे काळ्या रंगाला वर्षातून एकदा, संक्रांतीला, मोकळीक. या गृहस्थावर रोजच संक्रांत.

काळ्यांचं वय पंचावन्नच्या पुढे. पडद्यावरचा ड्रॅक्युला बेला लुगोसी 1956 मध्येच वारला होता, पण 1979 मध्ये बाउहाउस या बँडनं त्याच्या मरणावर नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं आणि इंग्लंडातली पोरं काळे कपडे घालून नव्यानं सुतकात बसली. गॉथ म्हणतात ती हीच. काळे तेव्हा हाफपँटीत होते. मिसरूड फुटेपर्यंत लीड्समध्ये द सिस्टर्स ऑफ मर्सी जोरात होते. या बँडचा ढोल वाजवणारा माणूस नव्हता, यंत्र होतं, त्याला डॉक्टर ॲव्हलांच असं भारदस्त नाव होतं, आणि रंगमंचावर धूर इतका सोडत की पैसे देऊन आलेल्यांना बँड दिसत नसे. काळे हे सगळं अभिमानानं सांगतात. डब्लिनमध्ये 1831 मध्ये स्थापन झालेल्या नन्सच्या संघाचंही नाव तेच. "धुरात उभं राहून सिस्टर्सची गाणी ऐकत वाढलेल्या मुलानं," काळे म्हणतात, "पुढे धुपाच्या देवळात जाऊ नये तर जावं कुठं?" आमच्या देवळातही ऑर्गन वाजवणाऱ्या बाई गेल्यापासून गीतं यंत्रावरच वाजतात. काळ्यांनी त्या यंत्रालाही डॉक्टरकी बहाल केली आहे.

ते चर्चमध्ये कसे आले? सगळ्या काळ्यांची साक्ष साधारण सारखीच. कबरींचे फोटो काढायला गेलो, पाऊस आला, आडोशाला आत शिरलो, आत संध्याकाळची उपासना चालली होती, उठून जाणं बरं दिसेना. दिव्य दर्शन वगैरे काही नाही, पावसानं धरून आणलेला विश्वास. इंग्लंडात याहून वेगळी साक्ष कुणी दिली तर मला संशय येतो.

आता मूळ प्रश्न: गॉथ माणसाला ख्रिस्ती होता येतं का, आणि ख्रिस्ती माणसानं गॉथ राहावं का? आमच्या मंडळीनं त्यावर विचार केला नाही असं नाही. पण इंग्लिश माणूस असा विचार तोंडावर आणत नाही. एक म्हाताऱ्या बाई काळ्यांचा कोट बघून "फारच वेगळा आहे हो" एवढंच म्हणाल्या. इथे याचा अर्थ साधारण "घोर कलियुग" असा होतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काळे उपासनेनंतर चहाचे कप विसळतात, विसळून पुसतात, पुसून जागेवर ठेवतात. प्रश्न निकालात निघाला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पुनरुत्थानाबद्दल शंका असलेला माणूस खपतो, चहाची पाळी चुकवणारा खपत नाही.

पुढे ते चर्चवॉर्डन झाले. चर्चवॉर्डन म्हणजे छप्पर, पन्हळी, चांदीची भांडी आणि विम्याचे कागद यांची काळजी वाहणारा बिनपगारी माणूस. निवडणूक दर वर्षी होते आणि उभं कुणी राहत नाही. काळे राहिले, कारण या पदाबरोबर मिरवणुकीत धरायची काठी मिळते. लांब, काळी, टोकाला धातूचं नक्षीकाम. अशी काठी व्हिटबीच्या गॉथ बाजारात घ्यायची तर महिन्याचा पगार जाईल. इथे देवाच्या सेवेत फुकट.

शिवाय वटवाघळं. इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या देवळांत ती राहतात, कायद्यानं त्यांना पूर्ण संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांची वस्ती हलवता येत नाही की वाटा बुजवता येत नाहीत. मंडळीचा जीव मेटाकुटीला येतो. शनिवारी वेदीवर प्लॅस्टिक पसरा, रविवारी सकाळी लेंड्या झाडा. आमच्या मंडळीच्या बैठकीत वटवाघळांचा विषय निघाला की बारा तोंडं आंबट होतात आणि एक उजळतं. झाडायचं काम काळ्यांनी स्वतःहून घेतलं आहे. पहाटे मखमली कोटाच्या बाह्या दुमडून, हातात सुपली-केरसुणी, वर तोंड करून ते त्यांच्याशी बोलत असतात. काय बोलतात ते मी ऐकलेलं नाही.

मंडळीला खरा धक्का बसला तो काळे सगळं मनापासून मानतात हे कळल्यावर. आमच्याकडे राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तू माती आहेस, मातीलाच मिळशील याची आठवण दिली जाते. बाकीचे लोक ती लावून घेतात आणि गाडीत बसता बसता रुमालानं पुसतात. काळे ती दिवसभर मिरवतात, ऑफिसातसुद्धा. ऑफिस नगरपालिकेचं, काम पगारपत्रकांचं. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ते जास्वंदासारखे फुलतात. उत्तम शुक्रवारी वेदी उघडी असते, दिवे मालवलेले असतात. त्या दिवशी काळ्यांची छाती फुगलेली असते. त्या दिवशी मंडळीतले सगळेच काळ्या कपड्यांत येतात. काळ्यांचा पोशाख तेव्हा उठून दिसत नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटतं.

पंचाईत होते ती ईस्टरला. डॅफोडिलची पिवळीधमक फुलं, लहान मुलांच्या हातात चॉकलेटची अंडी, पाळकबाईंच्या अंगावर सोनेरी झूल. गॉथ मंडळींना कबरी फार आवडतात, आणि या धर्माचा सगळा डोलारा नेमका एका रिकाम्या कबरीवर उभा. मला विचाराल तर काळ्यांच्या दोन निष्ठांमध्ये खरी ठिणगी पडते ती इथे. कपडे, काजळ, धूर ही सगळी किरकोळ भांडणं. मृत्यूशी गट्टी करावी, त्याला चांदीत मढवून गळ्यात घालावं हा एका घरचा शिरस्ता. मृत्यू हा वैरी आहे आणि त्याचा निकाल लागला आहे हा दुसऱ्या घरचा. मी हे एकदा काळ्यांना जरा शहाणपणानं ऐकवलं. ते कप विसळत होते. म्हणाले, "योहानाचं शुभवर्तमान काढ. मग्दालीया मरीया कबरीकडे निघाली तेव्हा उजाडलं होतं का?" नव्हतं. योहान स्पष्ट लिहितो, अंधार होता. काळे ईस्टरच्या सकाळच्या उपासनेला मागच्या बाकावर असतात, पण आदल्या रात्रीच्या जागरणाला सर्वांच्या पुढे. त्या रात्री देवळाबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर मोठी मेणबत्ती लावून आत आणतात. अग्नी पेटवायचं काम अर्थात त्यांचं. धुराचा अनुभव दांडगा.

त्यांना राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हल्ली इथे अंत्यविधीच्या पत्रिकेत खाली एक ओळ असते: कृपया काळे कपडे घालू नयेत, रंगीबेरंगी घालावेत. अंत्यविधी म्हणायचं नाही, आयुष्याचा उत्सव म्हणायचं. आमच्या मंडळीतल्या एक खेळाच्या निवृत्त शिक्षिका वारल्या, त्यांच्या पत्रिकेत ही ओळ आली आणि काळे हवालदिल झाले. चर्चवॉर्डन म्हणून शवपेटीपुढे चालायचं त्यांना, आणि कपाटात रंगीत चिंधी नाही. बायकोचा गुलाबी स्कार्फ सुचवून पाहिला. बायकोही गॉथ, स्कार्फही काळा. मंडळी बसली, दार उघडलं, आणि काठी घेऊन काळे आत आले ते मखमली कोटावर पिवळंजर्द, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवून. देवळाच्या मैदानात गाड्या लावताना घालायचं ते जाकीट. पाठीवर "पार्किंग" असं लिहिलेलं. त्यांच्यामागून पेटी. चेहरा असा गंभीर की हसायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी बाईंच्या इच्छेनुसार लाइफ ऑफ ब्रायन या 1979 च्या विनोदी चित्रपटातलं उजळ बाजू बघायला सांगणारं गाणं लावलं. अंत्यविधीला इथे ते हौसेनं लावतात. चित्रपटात ते गाणं क्रूसांवर टांगलेली माणसं गातात, हे लावणाऱ्यांतल्या फार थोड्यांना सुचत असावं. काळ्यांना सुचलं. नंतर मला म्हणाले, "जॉन डन ठाऊक आहे? सेंट पॉल्सचा डीन. 1631 मध्ये मरण जवळ आलं तसा कफन गुंडाळून उभा राहिला आणि स्वतःचं चित्र काढून घेतलं. त्यावरून केलेला संगमरवरी पुतळा 1666 च्या आगीतूनही वाचला, अजून लंडनला उभा आहे. तेव्हा डीन असे होते. आणि मी आज पार्किंग होतो."

लीड्समध्ये उजेडवाल्या मंडळ्याही आहेत. सिनेमागृहात भरणाऱ्या, गिटार, पडदा, लख्ख दिवे. तिथला एक बंधू आमच्याकडे चहाला आला आणि काळ्यांना बघून कळवळला. अंधाराची वस्त्रं टाकून दे, म्हणाला, मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो. काळ्यांनी त्याला बिस्किट दिलं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचून दाखवायची विनंती केली. दीडशे स्तोत्रांमध्ये हे एक असं, की रडगाणं सुरू होतं आणि शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं. बंधू वाचता वाचता थांबला, पुढची ओळ असेल म्हणून पान उलटलं. पुढे एकोणनव्वदावं होतं. "म्हणजे तेही पवित्र शास्त्रातच आहे ना?" काळ्यांनी इतक्या भाबडेपणानं विचारलं की बंधूनं दुसरं बिस्किट घेतलं.

दुसरी, गॉथांची बाजू जास्त कडक, हे मला उशिरा कळलं. व्हिटबीला 1994 पासून गॉथ लोकांची जत्रा भरते. ब्रॅम स्टोकरनं 1897 च्या कादंबरीत ड्रॅक्युलाला इंग्लंडात उतरवलं ते याच बंदरात. तेव्हापासून गावाला त्याचं देणं लागू झालं. 199 पायऱ्या चढून वर गेलं की सेंट मेरीचं देऊळ, पलीकडे मठाचे अवशेष. देवळात पाटीच लावावी लागली आहे की ड्रॅक्युलाची कबर कुठे आहे असं कृपया विचारू नये, ती नाही. काळे दर वर्षी जातात. पायऱ्यांवर रक्तपिपासू सरदार, विधवा, प्लेगचे डॉक्टर यांची रीघ. या लोकांना चेटकिणी चालतात, जुने नॉर्स देव चालतात, सैतान गळ्यात घातलेला चालतो. काळ्यांनी रविवारी सकाळी "येतो, उपासनेला जाऊन" म्हटलं की मात्र टेबल गप्प होतं. गळ्यात सगळ्यांच्याच क्रूस असतो. घातलेल्या क्रूसावर विश्वासही असणं हे जरा अतिच. एक कोवळा मुलगा मुद्दाम उलटा क्रूस घालून समोर बसला होता. काळ्यांनी प्रेमानं सांगितलं, अरे वा, पेत्राचा क्रूस! प्रेषित पेत्राला उलटं टांगलं होतं अशी परंपरा आहे, रोमच्या पोपचं घराणं तिथून निघतं. मुलानं जेवण होईपर्यंत क्रूस शर्टाच्या आत टाकला होता.

व्हिटबीत काळे बोलायला लागले की थांबत नाहीत. इथला काळा जेट दगड म्हणजे दगडच नव्हे, कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं लाकूड. 1861 मध्ये आल्बर्ट वारला, व्हिक्टोरिया राणीनं दुखवटा धरला, सगळ्या इंग्लंडनं जेटचे दागिने घातले आणि व्हिटबीची भरभराट झाली. राणीनं पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, काळं सोडलं नाही. आणि तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडची प्रमुख कोण? तीच. हे सांगून काळे विजयी मुद्रेनं थांबतात आणि लगेच पुन्हा सुरू होतात: त्या अवशेषांच्या जागी 664 मध्ये साध्वी हिल्डाच्या मठात धर्मसभा भरली, आणि नॉर्थम्ब्रियानं ईस्टर कधी पाळायचा ते तिथं ठरलं. "म्हणजे माझ्या अडचणीचा दिवस," काळे म्हणतात, "माझ्याच जत्रेच्या गावात मुक्रर झाला." केंब्रिजच्या सेंट एडवर्ड देवळात खास गॉथ लोकांसाठी प्रभुभोजनाची उपासना चालू झाली, तेव्हा ते तीही बघून आले. देऊळ भोसकून मारलेल्या पोरसवदा राजाच्या नावाचं, व्यासपीठावरून एके काळी उपदेश करायचा तो लॅटिमर, ज्याला पुढे 1555 मध्ये ऑक्सफर्डला जाळलं. उपासना छानच झाली, म्हणाले. पण सगळेच काळ्यात, चहाला फारसं कुणी थांबेना, आणि आपल्याकडे बघून ओठ मुरडणारी एक म्हातारी नाही. करमेना.

त्यांच्या मनगटावर एक काळा रबरी पट्टा असतो. त्याबद्दल ते थट्टा करत नाहीत, मीही करणार नाही. 2007 च्या ऑगस्टमध्ये लँकशरमधल्या बेकप गावी, बागेत, सोफी लँकेस्टर आणि तिच्या मित्रावर पोरांच्या टोळक्यानं हल्ला केला. कारण एवढंच की ते दोघं गॉथ दिसत होते. सोफी वीस वर्षांची होती, ती वाचली नाही. तिच्या नावानं संस्था निघाली. 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषाचे गुन्हे म्हणून करायला घेतली. मध्यस्थीच्या प्रार्थना म्हणायची काळ्यांची पाळी ऑगस्टात येते, ती ते मागूनच घेतात. तेव्हा सोफीचं नाव ते आजारी आणि मृत यांच्या यादीत वाचतात, गावातल्या नावांच्या मधोमध. मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना ती काळ्यांची भाची वाटते. कुणी सुधारत नाही.

आत्याचा नगरला परत जायचा आठवडा आला. तिला काळे आवडून गेले होते. लहानपणापासून ती नारायण वामन टिळकांची भजनं टाळ धरून म्हणत आली. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन शोभतं का, असं म्हणणारी पिढी तिच्या आज्याची, आणि आज्यानंही शेवटी टाळ धरला होता. त्यामुळे कोण देवळात काय घेऊन येतो याचं तिला फार कौतुक नाही. एकच गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. त्या रविवारी उपासनेआधी तिनं दारातच काळ्यांना गाठलं आणि मला दुभाषा केलं. "त्यांना विचार, देवळात बूट घालून कसे येतात सगळे? आमच्या गावी बाहेर काढून, खाली सतरंजीवर बसतो." मी विचारलं. काळे स्तब्ध झाले. एवढ्या वर्षांत इतका सुंदर विधी त्यांना कुणी सांगितला नव्हता. ते तिथेच पायरीवर बसले आणि बकलं सोडायला लागले.

बूट काही अशा घाईसाठी शिवलेले नव्हते. डावा निघाला तेव्हा पहिलं गीत यंत्रावर सुरू झालं होतं. पाळकबाई मिरवणुकीसाठी खोळंबल्या होत्या. काळे उठले, काठी उचलली आणि उजवा बूट पायात ठेवून चालू लागले. धाड, मग काही नाही. धाड, मग काही नाही. वेदीपर्यंत असंच. काळ्या मोज्याला पुढे भोक होतं, त्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि त्याचं नख साधं, बिनरंगाचं, तुमच्या-माझ्यासारखं होतं. सगळी मंडळी त्या नखाकडे बघत होती.

चहाच्या वेळी आत्या सुई घेऊन आली. पर्समध्ये तिची सुई कायम असते, पण दोरा पांढराच निघाला. तिनं मला विचारायला लावलं, काळा दोरा आहे का कुणाकडे? काळ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रीळ काढलं आणि पाय पुढे केला.